एकाच जागेवरची चार घरं

पहाटे अर्धवट जाग येते तेव्हा मी कुठल्या घरात आहे हे मला पटकन उमगत नाही. कधी शाळेत असते. पत्र्यावर पाऊस वाजतोय, आई चुलीतली राख ओढतेय. कधी बराकीत असते, आणि फळ्यांच्या फटींतून तळ्यावरचं धुकं आत येऊन पांघरुणावर बसतंय. कधी पांढरीत असते. तिथे जागोजागी बादल्या ठेवलेल्या, छत गळतंय. घरं एकमेकांत मिसळतात. शाळेचं दार ढकलावं तर बराकीतली लांबलचक खोली लागते, तिच्या टोकाला पांढरीची खिडकी, आणि खिडकीबाहेर आई कपडे झटकत उभी. मग डोळे पुरते उघडतात आणि वर आपलं नेहमीचं मेलं छत दिसतं. पंचाहत्तरी आली एफी, ऊठ, असं स्वतःला बजावून मी उठते.

आमच्या ग्लेन रुआरच्या खोऱ्यात सपाट आणि कोरडी अशी एकच जागा आहे. ओढा तळ्याला मिळतो तिथली. बाकी सगळं खोरं एक तर उभं, नाहीतर ओलं. म्हणून डोंगर भटकायला येणाऱ्यांच्या मुक्कामाचं हॉस्टेल चार वेळा झालं आणि चारही वेळा तिथंच झालं. आधी शाळा होती. खोऱ्यातली मुलं संपली, तेव्हा बाकं काढून खाटा टाकल्या आणि माझी आई पहिली वॉर्डन झाली. शाळा माझ्या जन्माआधीच पाडली, पण मला ती स्वच्छ दिसते. कुणी काही म्हणो.

मग बराक आली. ती कशी आली ते लाखलनकडून ऐकायचं. लाखलन म्हणजे माझा थोरला भाऊ. युद्ध संपल्यावर सैन्याच्या छावण्या मोडीत निघाल्या. त्यातली एक लाकडी बराक सुटी करून होड्यांतून तळ्यापलीकडून आणली, कारण रस्ता तेव्हा नव्हताच. ग्लासगोच्या कारखान्यांतली पोरंपोरी सुट्टी काढून आली होती, फुकट, नुसत्या लापशीवर राबायला. लाखलन सहा वर्षांचा होता. एका होडीत दार आडवं टाकलं होतं, त्यावर त्याला बसवलं. पुढच्या होडीत खिडक्या, काचांसकट. वारा पडलेला. खिडक्या पाण्यावरून चालल्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक डोंगर होता. तो हे सांगायचा तेव्हा आजूबाजूचे भटके चहा प्यायचे विसरायचे.

बराक कुजली तेव्हा पांढरी बांधली. सपाट छताची, खडबडीत भिंतींची. आमच्या पावसात सपाट छत! ज्याने ते आखलं त्याला मी जन्मभर शिव्या घातल्या. पण माझी सगळी नोकरी तिच्यातच झाली. आईनंतर वॉर्डन मी होते, आणि लाखलन सगळी डागडुजी बघायचा. त्याची बायको ग्रेस स्वयंपाकघरात असायची, जोवर होती तोवर.

आणि आमच्याकडे कामाची रीत होती. रात्री मुक्कामाला आलेल्याचं सभासद-कार्ड वॉर्डन ठेवून घेणार. सकाळी निघताना त्याने विचारायचं, "माझं काम काय?" मी सांगणार: तू जिना झाड, तू भांडी पूस, तू लाकडं फोड. काम झालं की कार्ड परत, मग जा कुठं जायचं ते. त्यात लहानमोठा भेद नाही. ग्लासगोचा एक न्यायाधीश एकदा संडास घासत होता आणि त्याची बायको दारात हाताची घडी घालून उभी होती. "थांबा, लगेच कार्ड देऊ नका," मला म्हणाली, "हे दृश्य मला डोळे भरून बघू द्या." पुढे वरच्या कचेरीने ती रीत बंद केली. लोक सुट्टीवर येतात, कामावर नाही, म्हणे. मला नाही पटलं. पण मला विचारतंय कोण.

लाखलनचे डोळे साठीनंतर जायला लागले. हळूहळू, कडेकडेने. शेवटी उजेड आणि अंधार एवढंच उरलं. पण कुणाला पत्ता लागायचा नाही. पांढरी त्याच्या पायांत होती. हॉस्टेलसमोरच्या आमच्या घरापासून निघायचा, अंगण ओलांडायचा, ओढ्यावरची फळी, दार, दोन पायऱ्या, डावीकडे वळून शेकोटीपाशी खुर्ची. संध्याकाळभर तिथे बसून भटक्यांची टिंगल करायचा. "कुठल्या वाटेनं आलात? आणि तरी जिवंत?" लोक निघून गेल्यावर कळवायचे, की त्या म्हाताऱ्याला दिसत नव्हतं हे आम्हाला मोटारीत बसल्यावर समजलं.

मग पांढरी पाडली आणि काचेची बांधली. चौथी. लाकडाच्या उभ्या फळ्या, जमिनीखालून ऊब, खोलीखोलीला न्हाणीघर. शेकोटी नाही. आणि तोंड फिरवलेलं! आमच्या खोऱ्यात दार कायम ओढ्याकडे, डोंगराच्या आडोशाला. हिचं दार तळ्याकडे, वाऱ्याच्या थेट तोंडावर. का, तर पाहुण्यांना दृश्य दिसावं. मी नाक मुरडून आमच्या घरात बसले. उद्घाटनाला गेले नाही. नंतरही आत गेले की मला काही दिसायचंच नाही. दिसायचं ते जुनं.

जूनमधल्या उद्घाटनानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी लाखलन सवयीने निघाला. मी कोंबड्यांची अंडी आणायला गेले होते. जिथे दार असायचं तिथे तो बेधडक वळला आणि काचेवर आदळला. नाक फुटलं, कपाळावर टाके पडले. त्यापेक्षा वाईट म्हणजे, तो घाबरला. बर्फात, वादळात, छत उडालं तेव्हासुद्धा न घाबरलेला माणूस खुर्चीत बसला आणि उठेचना. जेवण अर्धं टाकायचा. कुणी आलं तर झोपल्याचं सोंग करायचा.

त्याची मुलगी मार्सली डंडी शहरात असते, बस चालवते. कळल्यावर ती तशीच गणवेशात आली. माझा उद्धार करून झाला, मग बापासमोर बसली.

"बाबा, तुम्ही माझ्याकडे चला."

"मी कुठंही जात नाही."

"मग इथे काय करणार? खुर्चीला मुळं फुटेपर्यंत बसणार? माझं घर तळमजल्यावर आहे. रस्त्याला फुटपाथ आहे. कोपऱ्यावर दिसत नसलेल्यांचा क्लब आहे, तिथे पत्ते खेळतात."

"न दिसता पत्ते? मग लबाडी कशी करतात?"

मार्सली हसली नाही. माझ्याकडे वळली. "आत्या, ऑक्टोबर संपेपर्यंत बघते. बाबा एकटे हॉस्टेलात जाऊन एकटे परत येऊ लागले, तर मी शब्द काढणार नाही. नाहीतर घेऊन जाणार. माणूस घराबाहेर पडला नाही तर सहा महिन्यांत संपतो. मी रोज बसमध्ये बघते, आज दिसणारे उद्या दिसत नाहीत."

तिचं काही चुकत नव्हतं, तेच तर मला झोंबलं. पण लाखलन गेला तर माझं काय? आम्ही दोघं या अंगणाच्या बाहेर कधी राहिलोच नाही. तो जेवत नसला की मी ओरडायची, मी ओरडले की तो टोमणा मारायचा, आणि दिवस जायचा. त्याच्याशिवाय मी कुणाशी भांडू? मी मार्सलीला म्हटलं, "ऑक्टोबर कशाला, सप्टेंबरातच बघ." आणि दुसऱ्या दिवशी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

पांढरी काठी त्याने घेतलीच नाही. ती मार्सलीने आणून खुंटीला लावली होती. "ती घेतली की मी आंधळा दिसतो," म्हणाला.

"आहेसच तू आंधळा."

"मला माहीत आहे. बाकीच्यांना कशाला सांगायचं?"

मग मीच त्याची काठी. रोज सकाळी त्याला काचेचीत न्यायची आणि शिकवायची. आणि शिकवायची कशी, तर मला येत होतं तसं. "हे बघ लाखलन, इथे शाळेचा फळा होता. फळ्याकडे पाठ कर. आता बराकीतल्या बायकांच्या खोलीतून सरळ चाल. इथे पांढरीचं स्वयंपाकघर, ग्रेसचं टेबल. टेबलाला वळसा घाल." तो टेबलाला वळसा घालायचा आणि खांबावर आपटायचा. मी म्हणायची, अरे, खांब नव्हता इथे. तो म्हणायचा, पण आहे ना आता. पुन्हा उभं राहायचं, पुन्हा शाळेपासून सुरुवात. धुकं असलं की मलाही काचेची दिसेनाशी व्हायची आणि मी मजेत बराकीतून चालत राहायची, त्याचा हात धरून. खरं सांगते, मला ते आवडायचं. आई त्या टोकाला भाकरी भाजतेय आणि आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय असं वाटायचं. तो मात्र घामाघूम व्हायचा. अशा बऱ्याच सकाळी गेल्या, आणि त्याला दार काही सापडेना.

एका सकाळी तो आत येऊन थबकला. नव्या हॉस्टेलची बाई, रोना, समोर होती. पस्तिशीची असेल, हसरी, केसांचा बुचडा बांधलेली. पाहुणे निघाल्यावर ती त्यांच्या बुटांबरोबर आत आलेल्या पाईनच्या सुईसारख्या काड्या झाडत होती. लाखलनने कान टवकारले. खराट्याचा आवाज. मग भटके विचारायचे तसं त्याने विचारलं, "वॉर्डनबाई, माझं काम काय?"

थट्टाच होती ती. पण रोनाला ती रीत माहीत नव्हती, आणि तिला पन्नास कामं पडलेली. तिने खराटा त्याच्या हातात दिला. "अय्या, करता? इथून खिडकीपर्यंत झाडा. कोपरे सोडू नका."

माझे डोळे कपाळात गेले. "अगं, त्याला दिसत नाही."

"माहीत आहे, एफी. पण काड्या मलाही दिसत नाहीत, पायाला टोचतात तेव्हा कळतात," रोना म्हणाली आणि चादरी घेऊन निघून गेली.

लाखलन झाडू लागला. खराटा भिंतीला लागला, तो थांबला. भिंतीच्या कडेकडेने गेला. खराटा खांबाला लागला, त्याने खांबाभोवती झाडलं, सगळीकडून. पायरी लागली, पायरीवरून झाडलं. उंबरा, पायपुसणं, बाकाचा पाय, काच. काचेवर खराटा वेगळा वाजायचा, त्याने तो दोनदा वाजवून बघितला. मी तोंड उघडलं, "लाखलन, तिथे शाळेचा..."

"एफे, गप्प बस," तो म्हणाला. "मी काम करतोय."

काम म्हटल्यावर माझं तोंड बंद. आमच्या आईने आम्हाला तसंच वाढवलं होतं; कामावरच्या माणसाला मध्ये बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तो एकटा निघाला. मी म्हटलं, थांब, येते. "नको," म्हणाला. खराटा त्याने घरी आणून ठेवला होता. आमच्या दारापासूनच झाडायला सुरुवात केली, अंगणातली पानं, रेती, काय असेल ते. मी खिडकीतून बघत राहिले. हात सारखा पुढे-मागे, पुढे-मागे, आणि त्यामागून तो, वल्हं मारल्यासारखा. धुक्यात गेला, दिसेनासा झाला, फक्त खर्र खर्र ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. मी चहा तसाच टाकून दारात गेले, तेवढ्यात लांबून त्याचा आवाज आला. तो रोनाला सांगत होता की तुमच्या दाराचं तोंड चुकीच्या बाजूला आहे आणि हिवाळ्यात तुम्हाला ते कळेल.

मग रोजच. पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा इथला झाडूवालाच आहे. कुणी कौतुकाने बघायचं, कुणी पाय उचलून वाट द्यायचं. त्याची भूक परत आली. खिडकीपाशी त्याने एक खुर्ची धरली आणि जुनी टिंगल सुरू झाली. मी आतून सुखावले. वरून म्हणत राहिले की अंगण झाडतोस ते ठीक, पण घरातल्या कोळ्याच्या जाळ्यांचं काय.

मार्सली ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी आली. तळ्यावर धुकं इतकं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळू नये. ती आणि मी आमच्या दारात उभ्या राहिलो. लाखलनने कोट चढवला, टोपी घातली, खराटा घेतला आणि निघाला. अंगण. ओढ्यावरची फळी. मग डावीकडे, काचेचीच्या लांब बाजूला लागून, कोपरा, वळण. वाऱ्याच्या तोंडावरचं ते दार त्याने असं उघडलं, जणू त्यानेच बसवलं होतं. आम्ही मागे हलक्या पावलांनी. आत त्याने कोट खुंटीला लावला, खांब टाळला, एका मुलाच्या पसरलेल्या पायांना खराट्याने ढोसलं, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "रोना, चहा. आणि दारात दोघी चोरासारख्या उभ्या आहेत, त्यांनाही दे."

मार्सली रडायला लागली. मीही. मी तिला म्हटलं, "बघितलंस? आता शब्द काढायचा नाही, तूच म्हणाली होतीस." मला वाटलं, मी जिंकले. मला त्या क्षणी ती काचेचीसुद्धा गोड वाटली.

संध्याकाळी मी जवाचं सूप केलं, मटण घालून, मार्सलीच्या आवडीचं. तिघं जेवायला बसलो. मार्सली म्हणाली की उद्या सकाळी ती निघेल, सोमवारी तिची पहिली बस आहे.

लाखलन सूप संपवून चमचा नीट वाटीशेजारी ठेवत म्हणाला, "मग मीही येतो."

"कुठे?" मी विचारलं.

"डंडीला. हिच्या घरी. पत्ते खेळायला."

मला वाटलं, थट्टा करतोय. मार्सलीचा चमचा तसाच हातात राहिला. "बाबा, तुम्ही इथे राहू शकता. मी शब्द दिलाय."

"म्हणूनच येतो. मला वाटायचं, मी या जागेवर जीव टाकतो म्हणून जात नाही. तसं नव्हतं. मी भीत होतो. मला वाटायचं, पायांना ही एकच जागा कळते, दुसरीकडे गेलो तर मी मेज-खुर्चीसारखा एका कोपऱ्यात पडेन. आता मी एक नवं घर शिकलो. या वयात. मग दुसरंही शिकेन. तुझ्या घरात किती खोल्या आहेत?"

"दोन," मार्सली म्हणाली.

"दोन म्हणजे एका सकाळचं काम."

माझा संताप संताप झाला. मी ताटं आदळली. "आणि मी एवढे महिने तुला हाताला धरून फिरवलं, ते कशासाठी? तू इथे राहावंस म्हणून ना? आणि आता चाललास पत्ते खेळायला?"

"एफे, तू मला फिरवलंस ते नसलेल्या घरांतून," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "शाळा, बराक, ग्रेसचं टेबल. ग्रेसचं टेबल मी स्वतः फोडून जाळलंय. शाळा होती तेव्हा तर तू जन्मलीही नव्हतीस. मला दिसत नाही, तरी मला कळलं की ती घरं गेली. मी हाताने चाचपली, तिथे खांब होता. तुला दिसतं, आणि तू अजून तिकडेच राहतेस. मी इथे असेपर्यंत तू मला घेऊन तिथेच फिरत राहणार. मला थकवा आलाय त्याचा."

"मग मी काय करू इथे एकटी?" माझा आवाज फाटला. मला लाज वाटली नाही. "सांग ना, काय करू मी?"

त्याने टेबलावरून हात सरकवत आणला, माझा हात शोधला आणि त्यावर आपला ठेवला. "मला माहीत नाही गं," म्हणाला. "मला खरंच माहीत नाही."

त्या रात्री मी त्याच्या शर्टांना बटणं लावली. तुटलेली नव्हती तीही काढून परत लावली.

रविवारी ते गेले. मार्सलीने मोटारीत मागच्या सीटवर त्याची पेटी ठेवली, त्याने खिडकीतून हात बाहेर काढून हवेत हलवला, माझ्या दिशेने नाही, जरा बाजूला. तिथे कपडे धुण्याचा दगड होता. मी पटकन त्या दगडापाशी जाऊन उभी राहिले, म्हणजे हात माझ्याकडे होईल. मोटार धुक्यात गेली. मग तिचा आवाज खोऱ्यात कितीतरी वेळ फिरत राहिला, एकदा इथून आल्यासारखा, एकदा तिथून, आणि शेवटी तो ओढ्याचाच आवाज झाला.

घरात जाववेना. मी काचेचीत गेले. रोना कुठेतरी वरच्या मजल्यावर होती. मी दारापाशी उभी राहिले आणि, लाज वाटते सांगायला, पहिल्यांदाच बघितलं. फरशी मधाच्या रंगाची. छत उंच, आणि छताला तिरक्या खिडक्या, त्यांतून उजेड खाली उतरत होता. तळं सबंध दिसत होतं. बराकीतून ते कधीच सबंध दिसत नव्हतं, मध्ये नेहमी काहीतरी लाकूड यायचं. सुंदर होतं. मला राग आला त्याचा, पण सुंदर होतं.

दार उघडलं आणि वाऱ्याबरोबर दोघी आत आल्या, वीस-बावीसच्या, डोक्यापासून पायापर्यंत निथळत. पहाडावरून उतरल्या असणार. एकीचे दात वाजत होते.

"आजी, कपडे वाळवायची खोली कुठे आहे हो?"

माझा हात आपोआप उठला. डावीकडे, चुलीमागे, आई जिथे दोरी बांधायची तिथे. मी बोट दाखवलं. त्या दोघी वळून बघू लागल्या. बोटासमोर काच होती, आणि काचेपलीकडे पाऊस.

मी हात खाली घेतला. चौतीस वर्षं मी या जागेची वॉर्डन होते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "चला, शोधू या."